बिर्याणीला उशीर होवो!

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि बिर्याणी अर्ध्या तासात. उजनी काठोकाठ भरलेली असो की उणे पातळीत गेलेली असो, ह्या वेळापत्रकात फरक पडत नाही. पाण्याला उशीर झाला तर आपण महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो आणि पिंप भरून ठेवतो. बिर्याणीला दहा मिनिटं उशीर झाला तर एक तारा देतो. आपल्या पिंपाची आयुक्तांना फिकीर नसते. ताऱ्याची फळं मात्र डिलिव्हरीच्या पोराला त्याच रात्री भोगावी लागतात. नागरिक म्हणून जो वचक आपल्याला कधी बसवता आला नाही, तो गिऱ्हाईक म्हणून फुकटात मिळाला आहे. सोडतो कोण?

जुळे सोलापुरातल्या एका हॉटेलासमोर कडुलिंबाचं झाड आहे. रात्री आठनंतर त्याच्याखाली दहा-बारा गाड्या लागतात. पाठीवर चौकोनी पेट्या, हँडलला मोबाईल. एकाच्या मोबाईलची काच कोपऱ्यात तडकलेली, तिच्यावर चिकटपट्टी. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला की हा मोबाईल तापून आपोआप बंद पडतो. म्हणून पोरगं सिग्नलला थांबलं की ओला रुमाल आधी मोबाईलच्या पाठीला लावतं, आणि त्यात ओल उरली तर कपाळाला. क्रम बरोबर आहे. कपाळ तापलं म्हणून ऑर्डर जात नाही, मोबाईल तापला तर जाते.

झाडाखालचा संवाद साधारण असा असतो.

"काय बे, तुला किती दाखवलालंय?"

"तुझ्यापेक्षा पाच कमी."

"अंतर तर तेवढंच की बे!"

एवढंच. पण कंपनीच्या दृष्टीनं सोलापुरातली सगळ्यांत धोक्याची वाक्यं हीच. तुझा दर तुझ्या मोबाईलवर, माझा माझ्या. दोन मोबाईल शेजारी धरले तरच भानगड कळणार, आणि दोन मोबाईल शेजारी यायला दोन माणसं एका जागी थांबायला हवीत. हॉटेलवाल्याची बिर्याणी वेळेत तयार झाली असती तर ह्या दोघांची तोंडओळखही झाली नसती. तेव्हा माझं स्पष्ट मत असं की सोलापुरातल्या कामगार चळवळीचं भवितव्य सध्या भटारखान्याच्या हातात आहे. दम लांबला की संघटना वाढते.

पूर्वी माणसं एका जागी आणायचं हे काम गिरणीचा भोंगा करायचा. १८७७ साली निघालेली जुनी मिल, नंतरच्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा झाला की हजारो माणसं एकाच दारातून आत आणि एकाच दारातून बाहेर. दारात पत्रक वाटणारा उभा असला की भागलं. १९३० च्या मे महिन्यात ह्याच गिरणगावातली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा इंग्रजाला मार्शल लॉ लावावा लागला होता, आणि त्यातून फासावर गेलेल्या चौघांचे पुतळे आजही चौकात उभे आहेत. डिलिव्हरीवाली पोरं त्यांना वळसा घालूनच जातात. थांबायला वेळ नाही, मोबाईलवर सेकंद पळत असतात. गिरणीमालकांची चूक काय झाली ते नव्या मालकांनी नीट ओळखलंय. गेट ठेवलं की गेटसभा होते. म्हणून गेटच ठेवायचं नाही.

२०२५ च्या वर्षअखेरीला देशभरातल्या डिलिव्हरी कामगारांनी २५ आणि ३१ डिसेंबरला संप पुकारला. तेलंगणाची गिग कामगारांची संघटना आणि अ‍ॅपवर चालणाऱ्या वाहतूक कामगारांचा महासंघ पुढे होते. मागण्या साध्या: दर धड द्या, अ‍ॅपवरचा आयडी मनमानीनं बंद करू नका, दहा मिनिटांची शर्यत थांबवा. दुसऱ्या दिवशी झोमॅटोच्या दीपिंदर गोयल ह्यांनी जाहीर केलं की संपाचा काही परिणाम झाला नाही, झोमॅटो आणि ब्लिंकिट मिळून पंचाहत्तर लाखांवर ऑर्डरी पोचल्या आणि त्या साडेचार लाखांवर पोरांनी पोचवल्या. विक्रम! भागाकार केला तर माणशी सोळा-सतरा. नववर्षाच्या रात्री आपण 'हॅपी न्यू इयर' म्हणेपर्यंत एकेक पोरगा सोळा-सतरा जिने चढला होता; लिफ्ट होती तिथं ती पाहुण्यांसाठी राखीव असणार. त्या रात्री दरही वाढवून दिले होते. कंपन्यांच्या मते ते दर सणाला वाढतातच, संपाशी संबंध नाही. तेही खरं असेल. एवढंच की संपाची तारीख ठरवणाऱ्यानं कंपनीला सगळ्यांत जास्त गरज असते तो दिवस निवडला, आणि नेमक्या त्याच दिवशी पोराला पैशाचीही सगळ्यांत जास्त गरज होती. गाडीचा हप्ता पहिल्या आठवड्यात जातो.

तरी गंमत बघा. परिणाम शून्य झालेल्या त्या संपानंतर दोन आठवड्यांच्या आत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना बोलावलं आणि ब्लिंकिटच्या जाहिरातीतली 'दहा मिनिटं' गायब झाली. शून्य परिणामाचा एवढा परिणाम होत असेल तर थोडा परिणाम झाला असता तर काय झालं असतं, ह्याचा हिशोब कंपन्यांनी केला असेलच. त्यांच्याकडे हिशोबाची माणसं पुष्कळ आहेत. गाडीवर तेवढी ठेवलेली नाहीत.

आता कोणी म्हणतं, हे सगळं नवीन आहे, तंत्रज्ञानाचं युग आहे, जुने कायदे इथं लागू पडत नाहीत, ह्याला नव्यानं समजून घ्यावं लागेल. परिसंवादात हे वाक्य फार चालतं. ज्यांना नव्यानं समजून घ्यायचंय त्यांनी परिसंवाद सोडून सोलापुरातल्या विडी कामगारांच्या घरकुलात जावं. उंबऱ्याशी बाई बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेलं तेंदूपान, पत्र्याच्या मापानं कापलेले तुकडे, एका बाजूला तंबाखू. पान बोटांत फिरतं, दोऱ्याचे दोन वेढे बसतात, तोंड नखानं आत दुमडलं जातं, विडी सुपात पडते. तोवर बाई तुमच्याशी तेलुगूत, मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलत असते आणि तिचं सुपाकडे लक्ष नसतं. तिला विचारा: कामाची वेळ कोणती? तुझी तू ठरवायची. कामाची जागा? तुझं घर. पगार? हजार विड्यांमागे. मालक? मालक कुठाय, मधे ठेकेदार आहे. पान आणि तंबाखू कंपनीची, छाप कंपनीची, फायदा कंपनीचा, पाठदुखी तुझी.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. अ‍ॅप सोलापुरात यायच्या कितीतरी आधी सोलापुरात अ‍ॅप होतं. फक्त चार्जिंग लागत नव्हतं.

आणि त्या अ‍ॅपलाही तारे होते. बाई विड्या घेऊन कारखान्यात जायची, तिथं तपासणारा मूठभर उचलून बघायचा आणि न पटलेल्या बाजूला काढायचा. ह्याला छाट म्हणतात. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत, पानतंबाखूचा हिशोब मात्र बाईच्या माथी. बाजूला पडलेल्या विड्यांचं पुढं काय होतं, हा प्रश्न विचारायचा नसतो.

ही छाट कोर्टातही गेली होती. १९६० सालची गोष्ट. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचे पैसे मागितले. मालक म्हणाला, कसली रजा? हे कामगारच नाहीत. वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, जेवढ्या वळतील तेवढ्याचे पैसे नेतात. सर्वोच्च न्यायालयानं उलटा विचार केला. यायची-जायची मोकळीक असेना का, विडी ठरल्या प्रतीची नसली तर ती नाकारायचा हक्क कोणाच्या हातात आहे? मालकाच्या. म्हणजे ताबा मालकाचा. म्हणजे हे कामगार. आणि पुढच्याच वर्षी, थोड्याच महिन्यांनी, महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका विडी कारखान्याचं प्रकरण त्याच न्यायालयात आलं, तेव्हा तीनपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले की हा माणूस मनाला येईल तेव्हा येतो-जातो, सबब कामगार नाही. तिसरे, सुब्बा राव, एकटे पडले. वर्षभराच्या आत एकच माणूस डिसेंबरात कामगार होता आणि पुढच्या ऑक्टोबरात नव्हता, विडी तीच. आजच्या कंपन्यांचे वकील जो युक्तिवाद नवा म्हणून मांडतात, 'लॉगिन कधी करायचं हे त्याच्या हातात आहे', त्याला साठाहून जास्त वर्षं झाली. दोन्ही बाजूंचे निकाल कपाटात आहेत, लागेल तो काढा.

मी आपला पहिल्या निकालाच्या बाजूचा. मालक कोण हे शोधायला कागद बघायची गरज नाही. नाकारतो कोण ते बघावं. आयडी ज्याच्या बोटानं बंद होतो तो मालक.

ह्या घोळातून वाट कोर्टानं काढली नाही. ती मोर्च्यांनी, सभांनी, लाल बावट्यानं आणि संसदेनं मिळून काढली. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली. छाटीवरून तंटा झाला तर तो सोडवायला बाहेरचा अधिकारी असेल, असंही त्यात लिहिलं. मालक कोर्टात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसला, कल्याण निधी आला. दवाखाने, पोरांना शिष्यवृत्त्या. हे सगळं नीट चाललं असं कोणी म्हणणार नाही. कार्ड मिळवताना चपला झिजल्या, छाट चालूच राहिली, किमान वेतन कागदावर राहिलं ते राहिलंच. पण बाईच्या हातात एक कार्ड होतं आणि कार्डावर ती कामगार होती.

ती संघटित कशी झाली, ह्याचं उत्तर पुस्तकात फार अवघड करून लिहितात. ती रोज रांगेत उभी राहिली. घरी बसून काम, हे मालकाचं डोकं. पण तयार विडी मोजून द्यायला कारखान्यात यावंच लागायचं. तिथं रांग, रांगेत शेजारीण, शेजारणीची छाट. 'तुझ्या किती काढल्या?' 'माझ्या किती?' कडुलिंबाच्या झाडाखालचा संवाद हाच. ह्याच बायकांनी माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, ह्यांच्या मागे वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल उभं केलं. मग रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी दिल्या. लाल बावट्याच्या वसाहतीत पंतप्रधान मोदी भावुक झालेले सोलापूरनं पाहिले. जगात दुसरीकडे कुठं हा योग आला असेल असं वाटत नाही. त्या घरांच्या लाभार्थ्यांत यंत्रमागवाले, कागद-काच वेचणारे आणि विडीवाल्यांबरोबर ड्रायव्हरही होते. म्हणजे आज जो पोरगा कडुलिंबाखाली थांबलाय, तो रात्री ज्या घरात झोपतो ते घर आईच्या रांगेनं मिळवलेलं असण्याची शक्यता बरीच.

आणि त्याला काय मिळालं? २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराचं नाव देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आलं. पेढे वाटले गेले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याण निधीत टाकायचे आहेत. तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या पुढं जायचं नाही, ही काळजी संहितेनंच घेतली आहे. व्याख्या मात्र मुळातून वाचावी: मालक-नोकर ह्या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार. त्याला विमा मिळू शकेल, पेन्शन मिळू शकेल, फक्त मालक मिळणार नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, तिचे पेढे कोणी वाटले नाहीत. आईचा १९६६ चा कायदा रद्द होऊन दुसऱ्या एका संहितेत विरघळला. पोराचं नाव कायद्यात चढलं, त्याच तारखेला आईचा कायदा पुसला गेला. एका घरात एका वेळी एकालाच लाभ, हा आपल्याकडचा नियम सगळ्या योजनांना लागू असतो म्हणा.

राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला, सरकार बदललं आणि नियम रेंगाळले. कर्नाटकानं २०२५ मध्ये केला. त्यात पोराचा आयडी कायमचा बंद करायचा तर कारण द्यायचं आणि चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, असं आहे. विजापूर इथून शंभर किलोमीटर. म्हणजे विजापुरात राहणाऱ्या पोराला चौदा दिवस आणि सोलापुरातल्या विजापूर रोडला राहणाऱ्या पोराला चौदा सेकंद. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं झाली, हा मुद्दा कोणी घेतला नाही. वास्तविक हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याचा हिशोब ठेवायला मंडळ नेमणारा माथाडी कायदा १९६९ मध्ये करणारं राज्य आपलं. मालक रोज बदलतो म्हणून काय झालं, जो काम देईल त्यानं लेव्ही भरायची, इतका सोपा विचार अण्णासाहेब पाटलांच्या माथाड्यांनी करून ठेवला होता. पाठीवरच्या पोत्याच्या जागी पेटी आली आणि आपल्याला तो आठवेना.

थोडं आपल्या संघटनांबद्दलही. जुने पुढारी तक्रार करतात की ही पोरं सभेला येत नाहीत, त्यांना वर्गजाणीव नाही. सभा कधी असते? संध्याकाळी सात वाजता. ऑर्डरींची गर्दी कधी असते? संध्याकाळी सात वाजता. वर्गजाणीव रात्री साडेअकराला मोकळी होते, तेव्हा पुढारी झोपलेले असतात. शिवाय पोरांची संघटना म्हणजे सध्या व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. त्यात पंक्चरवाल्याचा नंबर, पोलीस कुठं उभे आहेत त्याची वर्दी, अपघात झाला तर वर्गणी, आणि अधूनमधून 'उद्या सगळ्यांनी लॉगआऊट'. त्याखाली अंगठ्यांची रांग. सकाळी अंगठे तिथंच आणि गाड्या रस्त्यावर. हसू नका. अपघाताची वर्गणी हीच कुठल्याही युनियनची पहिली पायरी असते. गिरणीतही तसंच होतं. फरक एवढाच की गिरणीत पुढाऱ्याला काढलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर कळायचं. इथं ग्रुपवर जास्त बोलणाऱ्याला ऑर्डरी कमी यायला लागतात आणि त्याला वाटतं, नेटवर्क गेलं असेल.

आणि मोर्चा न्यायचा कुठं? सोलापूरचा मोर्चा सरकारी कचेऱ्यांसमोरच्या पूनम गेटला जातो, ही परंपरा आहे. तिथं विडीवाल्या बसल्या, यंत्रमागवाले बसले, अंगणवाडी ताई बसल्या, शेतकरी कांदे ओतून गेले. पोरांनीही जावं. पण दराचं बटण कलेक्टरच्या टेबलावर नाही. झाडाखालच्या एकाला विचारलं, तुमचा साहेब कुठं बसतो? तो म्हणाला, "टीम लीडर पुण्यात हाय म्हणलालेत. बघितला न्हाई कुणी." देवस्थानाचा निदान कळस तरी दिसतो.

समजा, तरीही एखाद्यानं धीर केला. आयडी बंद झाला, चार दिवस मदतीच्या नंबरवर संगीत ऐकलं, आणि पाचव्या दिवशी तो कामगार खात्याच्या दारात गेला. तिथं त्याला तक्रारीचा फॉर्म मिळेल. अर्जदाराचे नाव: लिहील. पत्ता: रे नगर, कुंभारी, लिहील. पुढचा रकाना, मालकाचे नाव. पोरगा अडेल. क्लार्क म्हणेल, कंपनीचं लिही. पोरगा मोबाईल उघडून करार दाखवेल: कंपनी मालक नाही, कंपनी फक्त गिऱ्हाइकाची आणि त्याची गाठ घालून देते. क्लार्क चष्मा वर करून करार वाचेल. वाचणारा तो पहिलाच. मग वेळ कोण ठरवतं? करारात लिहिलंय, मीच. गाडी कोणाची? माझी. पेट्रोल? माझं. मोबाईल, रिचार्ज, रेनकोट? माझंच.

"मग मालक तूच की बे. लिही तुझं नाव."

रकाना भरला जाईल, शिक्का बसेल, पोच मिळेल. तारीख लागली की त्याला दोन्ही बाजूंनी हजर राहावं लागेल, आणि त्या दिवसाचं लॉगिन बुडेल ते वेगळंच.